गोपनीय डीआरएचपी: आयपीओआधी सेबीकडे बंद पाकिटात काय जातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अमुक कंपनीने सेबीकडे गोपनीय पद्धतीने कागदपत्रे सादर केली’ अशी बातमी आली, की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून माहेरच्या फोनपर्यंत मला तेच ते प्रश्न येतात. मी कंपनी सेक्रेटरी आहे. आयपीओच्या, म्हणजे कंपनीच्या पहिल्या सार्वजनिक शेअरविक्रीच्या, मसुद्यांची प्रुफं तपासण्यात बऱ्याच रात्री घालवल्यात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हिला आतलं माहीत असणार. आतलं काही सांगणार नाही, सांगताही येत नाही. पण नियम सगळ्यांसाठी उघडे आहेत, ते एकदाच नीट लिहून ठेवते. अमका शेअर घ्या किंवा घेऊ नका, असला सल्ला इथे मिळणार नाही.

गोपनीय म्हणजे नेमकं काय गोपनीय?

कागद गोपनीय. कंपनीनं कागद दिलेत ही गोष्ट गोपनीय नाही.

नेहमीच्या रस्त्यानं जाणारी कंपनी आपल्या माहितीपत्रकाचा मसुदा, म्हणजे डीआरएचपी, सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, देते आणि तो लागलीच सेबी, शेअर बाजार आणि शेअरविक्रीचं काम पाहणारे मर्चंट बँकर यांच्या संकेतस्थळांवर झळकतो. चार-पाचशे पानांचा दस्तऐवज. कंपनी कशावर कमावते, कुठे हरते, कोणाशी कोर्टात भांडते, सगळं त्यात असतं. सेबी तो वाचत असते, तेव्हाच तुम्ही, मी आणि त्या कंपनीचा प्रतिस्पर्धीही वाचत असतो.

गोपनीय रस्त्यात हाच मसुदा फक्त सेबी आणि शेअर बाजारांकडे जातो. सेबी प्रश्न विचारते, कंपनी उत्तरं देते, शेवटी सेबी आपली निरीक्षणं कळवते. मग कंपनी ठरवते, पुढे जायचं की नाही. जायचं ठरलं तर सुधारलेला मसुदा सर्वांसमोर ठेवावाच लागतो. नाही ठरलं, तर पाकीट बंदच राहतं. म्हणजे लपवालपवी आहे ती काळापुरती. एकही शेअर विकण्याआधी सगळं उघड करावं लागतं, त्यातून सुटका नाही.

ही सोय कधी आली?

३० सप्टेंबर २०२२ला सेबीच्या संचालक मंडळानं मान्यता दिली आणि २१ नोव्हेंबर २०२२ला आयसीडीआर नियमावलीत, म्हणजे भांडवल उभारणीच्या २०१८च्या नियमांत, त्यासाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्याआधी आपल्याकडे हा रस्ता नव्हता. पहिली कंपनी गेली ती टाटा प्ले, म्हणजे आपली जुनी टाटा स्काय. ती त्याच हिवाळ्यात गेली.

रस्ता ऐच्छिक आहे. कोणावर सक्ती नाही, आणि आजही बऱ्याच कंपन्या जुन्याच वाटेनं जातात.

मग पेपरात बातमी येते कशी? कोणी फोडतं का?

फोडायची गरजच नसते. पाकीट दिल्यावर कंपनीला जाहीर सूचना द्यावीच लागते: एका इंग्रजी राष्ट्रीय दैनिकात, एका हिंदी राष्ट्रीय दैनिकात आणि नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या भाषेतल्या एका दैनिकात. कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात असेल, तर ती तिसरी सूचना मराठीत येते. कोणत्याही मुंबईच्या कंपनीचा आयपीओचा दस्तऐवज उघडा, पहिल्या काही पानांतच ‘मराठी दैनिक, मराठी ही महाराष्ट्राची प्रादेशिक भाषा असून आमचे नोंदणीकृत कार्यालय तेथे आहे’ अशा अर्थाचं वाक्य सापडेल. बऱ्याचदा त्या दैनिकाचं नाव ‘नवशक्ति’ असतं.

सूचना दिसते कशी? चार बोटं रुंद चौकट. वर कोणाचं तरी भाग प्रमाणपत्र हरवल्याची जाहिरात, खाली बँकेची ताबा सूचना. मधे आपली कंपनी. मजकूर दोन-तीन वाक्यांचा: कंपनीनं समभागांच्या प्रस्तावित प्रारंभिक विक्रीसाठी सेबी आणि शेअर बाजारांकडे मसुदा पूर्व-दाखल केला आहे; आणि असा मसुदा दाखल केला म्हणजे कंपनी आयपीओ आणेलच असं नाही. रक्कम नाही, शेअरची संख्या नाही, तारीख तर नाहीच. ‘इतक्या कोटींचा इश्यू’ असं बातम्यांत छापून येतं, ते बहुतेक वेळा सूत्रांच्या हवाल्यानं किंवा भागधारकांच्या सभेच्या ठरावातून उचललेलं असतं.

या मराठी सूचनेचं भाषांतर आम्ही तपासतो. एकदा एका एजन्सीकडून ‘मेन बोर्ड’चं, म्हणजे शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या मुख्य विभागाचं, ‘मुख्य फळा’ असं भाषांतर आलं होतं. रात्री साडेअकराला ते सापडलं. छापून आलं असतं तर कंपनी बाजारात येतेय की शाळा काढतेय हे कळलं नसतं.

कंपन्यांना हे हवंच कशाला? लपवण्यासारखं आहे म्हणून ना?

हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत असतो, आणि संशय घेणं चुकीचंही नाही. पण कारण बघा.

२०२१च्या अखेरीस बाजार तेजीत होता आणि नव्या कंपन्यांची रांग लागली होती. फार्मईझीची पालक कंपनी एपीआय होल्डिंग्जनं नोव्हेंबर २०२१मध्ये ६,२५० कोटींच्या इश्यूचा मसुदा दिला आणि ऑगस्ट २०२२मध्ये मागे घेतला. स्नॅपडीलनं डिसेंबर २०२१मध्ये दिला, वर्षभरानं मागे घेतला. इयरफोनवाल्या बोटनं, म्हणजे कागदोपत्री इमॅजिन मार्केटिंगनं, जानेवारी २०२२मध्ये २,००० कोटींचा मसुदा दिला आणि मग तो विचार सोडला. पैसे कोणालाच मिळाले नाहीत. पण त्यांच्या धंद्याची कुंडली कायमची उघड्यावर राहिली: कुठल्या पुरवठादारावर किती भिस्त, कोणत्या माध्यमातून किती विक्री, कुठल्या वर्षी किती तोटा. प्रतिस्पर्ध्याला एक पैसा न खर्चता अभ्यासाची वही मिळाली.

हीच बोट २०२५मध्ये पुन्हा आली तेव्हा कुठल्या वाटेनं आली? गोपनीय. दुधानं तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पितात, तसं.

दुसरं कारण कमी बोललं जातं. सेबीचे प्रश्न आल्यावर मसुद्यातले आकडे आणि व्याख्या बदलाव्या लागतात. ‘सक्रिय ग्राहक’ कोणाला म्हणायचं, अमुक खर्च वगळून दाखवलेला नफा दाखवायचा की नाही, यावर महिनोन् महिने पत्रव्यवहार चालतो. उघड रस्त्यात पहिला कच्चा मसुदा आणि नंतरचा सुधारलेला शेजारी शेजारी ठेवून कोणीही तुलना करतं. गोपनीय रस्त्यात पहिला कच्चा मसुदा लोकांना दिसतच नाही. कंपनीच्या दृष्टीनं ही सोय. वाचकाच्या दृष्टीनं, माझ्या मते, हा खरा तोटा, कारण कंपनीनं आधी काय लिहायचा प्रयत्न केला होता यातून तिचा स्वभाव कळतो.

पाकीट देण्यापासून शेअर लिस्ट होईपर्यंत टप्पे कोणते?

स्विगीचं उदाहरण घेते, कारण त्यात नियमाची शिवण स्पष्ट दिसते.

एप्रिल २०२४मध्ये स्विगीनं गोपनीय मसुदा दिला. सप्टेंबरमध्ये सेबीची निरीक्षणं आली. सप्टेंबरअखेर सुधारलेला मसुदा लोकांसमोर आला. याला यूडीआरएचपी-१ म्हणतात आणि सामान्य माणसाच्या हातात पडणारा पहिला कागद तो हाच. त्यावर किमान २१ दिवस लोकांच्या सूचना-हरकती घ्याव्या लागतात. त्या पाहून पुन्हा सुधारणा, म्हणजे यूडीआरएचपी-२. मग आरएचपी, म्हणजे इश्यूआधीचं जवळपास पूर्ण माहितीपत्रक, किंमतपट्टा, आणि ६ ते ८ नोव्हेंबरला इश्यू खुला. पट्टा ३७१ ते ३९० रुपये. १३ नोव्हेंबर २०२४ला लिस्टिंग, म्हणजे बाजारात खरेदी-विक्री सुरू.

आता गंमत. मसुद्यात नवीन समभागांची रक्कम होती ३,७५० कोटी. प्रत्यक्ष इश्यूत ती झाली ४,४९९ कोटी. ३,७५०चे वीस टक्के काढा: ७५०. बेरीज ४,५००. कंपनी बरोबर एक कोटी अलीकडे थांबली. कारण मसुदा सार्वजनिक झाल्यावर नवीन समभागांची रक्कम वीस टक्क्यांपेक्षा जास्त हलवली, तर पुन्हा सेबीच्या दारात नव्यानं उभं राहावं लागतं. हा आकडा योगायोगानं आला असं मला कोणी सांगितलं, तर मी फक्त हसेन.

१६, १८, २०, ५० हे आकडे सगळीकडे दिसतात. ते काय आहेत?

सेबीची निरीक्षणं आल्यापासून आयपीओ १८ महिन्यांत खुला करायचा. नेहमीच्या रस्त्यात ही मुदत १२ महिने असते. त्या १८ पैकी १६ महिन्यांच्या आत यूडीआरएचपी-१ दाखल झाला पाहिजे. आणि गोपनीय टप्प्यात असेपर्यंत नवीन समभागांची रक्कम ५० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येते, पुन्हा अर्ज न करता. मसुदा उघडा झाला की वर सांगितलेली २० टक्क्यांची मर्यादा.

सहा महिने जास्त मिळतात यात काय मोठंसं, असं वाटेल. पण बाजार पडलेला असताना सहा महिने म्हणजे दोन तिमाहींचे निकाल आणि कदाचित एक अर्थसंकल्प. बऱ्याच कंपन्यांसाठी गोपनीयतेपेक्षा ही मुदतच जास्त मोलाची असते, असं माझं निरीक्षण आहे. अर्थात एवढा वेळ घेतला तर जुने ताळेबंद शिळे होतात. आरएचपीतले लेखापरीक्षित आकडे सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. त्यामुळे ऑडिटरला पुन्हा बसावं लागतं, आणि आम्हालाही.

सेबीनं ‘मंजुरी दिली’ म्हणजे कंपनी चांगली आहे ना?

नाही. बातमीचा मथळा ‘सेबीचा हिरवा कंदील’ असतो, पण सेबी मंजुरी देत नाही, निरीक्षणं देते. प्रत्येक आयपीओच्या दस्तऐवजात सेबीच्या नावानं एक इशारा असतो, तोही मोठ्या अक्षरांत: हा दस्तऐवज सेबीकडे सादर केला याचा अर्थ सेबीनं तो मान्य केला असा घेऊ नये, आणि कंपनीच्या आर्थिक भक्कमपणाची जबाबदारी सेबी घेत नाही. तुम्हाला निर्णय घेता येईल एवढी माहिती दिली आहे का, एवढंच सेबी पाहते. महाग आहे की स्वस्त, हे ठरवणं आपल्या गळ्यात.

म्युच्युअल फंडांना आणि परदेशी फंडांना आधी सांगतात, आम्हाला नंतर. हा भेदभाव नाही का?

आहे. नियमांत तो मान्यच केलेला आहे, फक्त कुंपण घालून. गोपनीय टप्प्यात कंपनी पात्र संस्थात्मक गुंतवणूकदारांना, म्हणजे क्यूआयबींना, भेटू शकते आणि त्यांना किती रस आहे, कुठल्या किमतीला आहे, याचा अंदाज घेऊ शकते. अट अशी, की सेबीला दिलेल्या मसुद्यात जे आहे त्यापलीकडे बोलायचं नाही. कोणाकोणाला भेटलो याची यादी मर्चंट बँकरनं सेबीला द्यायची. बाकी कोणापुढे जाहिरात नाही, मुलाखतीत ‘आमचा आयपीओ’ वगैरे बोलणं नाही.

कागदावर हे ठीक आहे. पण माहिती तीच असली, तरी कंपनीच्या प्रमुखासमोर तासभर बसून उलटतपासणी घेणं वेगळं आणि आपण रात्री जेवल्यावर पीडीएफ चाळणं वेगळं. यावर उपाय मला सुचत नाही. एवढं मात्र खरं, की फंडांनी आधीच नाकं मुरडली तर कंपनी किंमत उतरवते किंवा इश्यूच आणत नाही, आणि त्याचा फायदा आपल्यालाही होतो.

आम्हाला वाचायला किती वेळ मिळतो?

नेहमीच्या रस्त्यात मसुदा बाहेर आल्यापासून इश्यू खुला होईपर्यंत बरेचदा चार-सहा महिने, कधी वर्षही जातं. गोपनीय रस्त्यात सेबीचं काम आधीच उरकलेलं असतं, त्यामुळे यूडीआरएचपी-१ आल्यावर गाडी सुसाट सुटते. स्विगीला साधारण सहा आठवडे लागले. शेअर खरेदी-विक्रीचं अ‍ॅप चालवणाऱ्या ग्रोनं मसुदा सप्टेंबर २०२५च्या मध्याला उघड केला आणि इश्यू ४ नोव्हेंबरला खुला झाला, म्हणजे सात आठवडे. टाटा कॅपिटलनं ऑगस्टच्या सुरुवातीला उघड केला, ६ ऑक्टोबरला इश्यू: दोन महिने.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, ‘गोपनीय कागदपत्रे सादर’ या बातमीवर काही करण्यासारखं नसतं. कॅलेंडरवर खूण करायची ती यूडीआरएचपी-१ची. लिस्टिंगच्या आदल्या आठवड्यात यूट्यूबवर, अनौपचारिक बाजारात इश्यूच्या किमतीवर प्रीमियम किती चाललाय हे बघणाऱ्यांपैकी किती जणांनी तो उघडलेला असतो, देव जाणे.

पाचशे पानं कोण वाचणार? काय वाचू ते सांगा.

मी स्वतः ज्या क्रमानं उघडते तो सांगते.

आधी मुखपृष्ठ. तिथे नवीन समभाग किती आणि ऑफर फॉर सेल किती हे लिहिलेलं असतं. पहिल्याचा पैसा कंपनीत जातो, दुसऱ्याचा जुन्या मालकांच्या खिशात. डिसेंबर २०२४चा विशाल मेगा मार्टचा ८,००० कोटींचा इश्यू संपूर्ण ऑफर फॉर सेल होता. कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपयाही आला नाही. तो वाईट होता असं नव्हे, पण ‘कंपनी विस्तारासाठी पैसे उभारतेय’ असं कोणी सांगितलं तर ते चूक. त्याच पानावर विकणाऱ्यांना तो शेअर सरासरी किती रुपयांना पडला याचा तक्ता असतो. कोणाला दोन रुपयांना पडलेला असतो. घाबरू नका, पहिल्या दिवशी जोखीम घेणाऱ्याला तसा पडतोच. पण नोंद घ्या.

यूडीआरएचपीत किंमत आणि तारखांच्या जागी चौकोनी कंसात एक काळा ठिपका दिसेल. छपाईची चूक नाही ती. ती जागा मुद्दाम रिकामी आहे, शेवटी भरली जाते.

मग ‘ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर’: पैसा कुठे जाणार. त्यात ‘सर्वसाधारण कामकाज’ आणि ‘अजून न ठरलेली कंपनी विकत घेणे’ यांचा वाटा मोठा असेल तर माझ्या भुवया वर जातात.

जोखमींच्या यादीत पहिल्या दहा-बारा नीट वाचा, त्या महत्त्वाच्या क्रमानं लावायच्या असतात. ‘पाऊस पडला नाही तर’ छापाच्या जोखमी सगळीकडे सारख्या. ज्या जोखमीत आकडा आहे तीच खरी. ‘आमच्या उत्पन्नाचा ४२ टक्के हिस्सा एका ग्राहकाकडून येतो’ अशा धर्तीचं वाक्य दिसलं की थांबायचं.

त्यानंतर प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकांच्या, नातेवाइकांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार. घरचीच जागा कंपनीला भाड्यानं दिलेली असते, मेहुण्याच्या कंपनीकडून माल घेतलेला असतो. गैर असतंच असं नाही, पण दरवर्षी आकडा फुगत असेल तर का, हे विचारायला हवं. कोर्टकचेऱ्यांचं प्रकरण मी शेवटी वाचते, चहा घेऊन. धंद्याचं वर्णन करणारं प्रकरण मात्र मी सहसा वगळते. ते सगळ्यांचंच छान असतं.

‘गोपनीय फायलिंग झालंय, अनलिस्टेड शेअर आत्ताच घेऊन ठेव’ असं मामा म्हणतात. घेऊ का?

घेऊ-नको मी सांगणार नाही म्हटलंय. पण मामांना एक आकडा दाखवा. टाटा कॅपिटलनं एप्रिल २०२५मध्ये गोपनीय मसुदा दिला, त्या सुमाराला अनलिस्टेड बाजारात, म्हणजे शेअर बाजाराबाहेर दलालांमार्फत चालणाऱ्या खरेदी-विक्रीत, तिचा शेअर हजार रुपयांच्या वर चालला होता. ऑक्टोबरमध्ये १५,५१२ कोटींचा इश्यू आला, तेव्हा किंमतपट्ट्याचं वरचं टोक होतं ३२६ रुपये.

त्या कंपनीला बाजारात येणं भागच होतं. रिझर्व्ह बँकेनं २०२२मध्ये मोठ्या वित्तसंस्थांची यादी काढून तीन वर्षांत लिस्ट होण्याचं बंधन घातलं होतं, त्यात तिची उपकंपनी टाटा कॅपिटल फायनान्शियल सर्व्हिसेस होती, जी पुढे तिच्यातच विलीन झाली. म्हणजे ‘आयपीओ येणार’ हा अंदाज शंभर टक्के बरोबर, आणि तरीही महाग घेणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. गोपनीय टप्प्यात तर समोर ताजा मसुदाही नसतो. दलाल सांगेल तो भाव. शिवाय आयपीओआधीचे शेअर प्रवर्तक नसलेल्यांनाही अलॉटमेंटनंतर, म्हणजे शेअरवाटपानंतर, सहा महिने विकता येत नाहीत. मामांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

मी अशाच एका कंपनीत काम करतो. भावाला सांगितलं तर चालेल का?

चालणार नाही. इनसायडर ट्रेडिंगचे नियम फक्त लिस्टेड कंपन्यांना लागू, हा मोठा गैरसमज आहे. ‘लिस्ट होऊ घातलेल्या’ कंपन्याही त्यात येतात, आणि लिस्टिंगसाठी सेबी किंवा शेअर बाजाराकडे कागद दिले की कंपनी त्या व्याख्येत बसते. गोपनीय दिले म्हणून सुटका नाही. आतली, किमतीवर परिणाम करू शकणारी माहिती कामाशिवाय दुसऱ्याला देणं हाच गुन्हा. भावानं त्यावर एक शेअरही घेतला नाही तरी.

आमच्याकडे या कामाला सांकेतिक नावं असतात. नदी, पर्वत, एखादा ग्रह. मेलच्या विषयात कंपनीचं नाव येत नाही, प्रिंटरवर कागद सोडून चहाला जायचं नाही. तुमच्या ऑफिसात अचानक कोणी ‘प्रोजेक्ट’ आणि पुढे डोंगराचं नाव घ्यायला लागलं तर कुतूहल आवरा.

ईएसओपीबद्दल एक चांगली बातमी: कर्मचारी योजनेतून मिळालेल्या शेअरना ती सहा महिन्यांची विक्रीबंदी लागत नाही.

तोट्यातली कंपनी या वाटेनं येऊ शकते?

येऊ शकते. पात्रतेचे निकष दोन्ही रस्त्यांना तेच. गेल्या तीन वर्षांचा सरासरी कार्यकारी नफा किमान १५ कोटी आणि इतर अटी पूर्ण होत नसतील, तर इश्यूचा किमान ७५ टक्के भाग संस्थात्मक गुंतवणूकदारांना द्यावा लागतो आणि किरकोळ गुंतवणूकदारांसाठी जेमतेम १० टक्के उरतो. तुम्हाला लॉट लागला नाही याचं कारण पुष्कळदा इथे असतं.

एसएमई, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या, इश्यूला ही सोय आहे का?

नाही. फक्त मेन बोर्ड.

पाकीट दिलं आणि मग कंपनी आलीच नाही, तर?

तर काहीच होत नाही, तीच तर या सोयीची मजा. टाटा प्लेला २०२३च्या वसंतात निरीक्षणं मिळाली, अठरा महिने उलटून गेले, इश्यू आला नाही. ओयोचा प्रवास जास्त रंगतदार. २०२१मध्ये ८,४३० कोटींचा उघड मसुदा दिला, २०२२च्या अखेरीस सेबीनं तो सुधारणांसाठी परत पाठवला, २०२३मध्ये कंपनी गोपनीय रस्त्यानं आली आणि मे २०२४मध्ये तेही मागे घेतलं. पहिल्या मसुद्यातलं सगळं आजही कोणालाही वाचता येतं. दुसऱ्यात काय होतं ते बाहेर आलं नाही. दोन रस्त्यांमधला फरक एकाच कंपनीत बघायचा तर हे उदाहरण पुरेसं आहे.

अमेरिकेतही हेच आहे का? आपण तिथूनच उचललं ना?

कल्पना तिथलीच. २०१२च्या जॉब्स कायद्यानं एक अब्ज डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या वाढत्या कंपन्यांना गोपनीय मसुद्याची मुभा दिली. २०१७मध्ये तिथल्या नियामकानं ती सगळ्यांना खुली केली. ट्विटरनं सप्टेंबर २०१३मध्ये आपण असा अर्ज केल्याचं चक्क ट्वीट करून सांगितलं होतं. सांगणं बंधनकारक नव्हतं. तिथे गुंतवणूकदारांना भेटायचा दौरा सुरू होण्याच्या किमान १५ दिवस आधी मसुदा उघड करावा लागतो.

फरक असा, की आपल्याकडे पाकीट दिल्याची सूचना पेपरात छापणं सक्तीचं आणि मसुद्यावर २१ दिवस लोकांचं म्हणणं ऐकणंही. इथे आपण तिकडच्यापेक्षा बरे. पण तिथे नियामकानं विचारलेले प्रश्न आणि कंपनीची उत्तरं, सगळा पत्रव्यवहार, नंतर संकेतस्थळावर टाकतात. आपल्याकडे टाकत नाहीत. हे मात्र आपण उचलायला हवं होतं.

मसुद्यात काही चुकीचं दिसलं तर सांगायचं कोणाला?

२१ दिवसांत सेबी, शेअर बाजार, कंपनी किंवा मर्चंट बँकर, कोणालाही लिहा. पत्ते मसुद्यातच असतात. मर्चंट बँकरला आलेल्या सूचनांचा तपशील सेबीला द्यावा लागतो. पान क्रमांक आणि परिच्छेद लिहा. ‘ही कंपनी फ्रॉड आहे’ एवढ्याच ओळीला कोणी विचारत नाही; ‘पान २१४वर दाखवलेल्या गोदामाचा वाद अमुक न्यायालयात आहे आणि तो कोर्टकचेऱ्यांच्या प्रकरणात नाही’ असं लिहिलंत तर रात्रीतून तीन वकिलांचे फोन वाजतात. मराठीत लिहिलं तरी चालतं का, असं एका काकांनी विचारलं होतं. लिहा. वाचणारे मराठी पुष्कळ आहेत.

सेबीचं ते निरीक्षणाचं पत्र आम्हाला कधीच दिसत नाही का?

दिसू शकतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. आरएचपीच्या शेवटाकडे ‘मटेरियल कॉन्ट्रॅक्ट्स अँड डॉक्युमेंट्स फॉर इन्स्पेक्शन’ असं एक प्रकरण असतं. त्या यादीत, करार आणि ऑडिटरच्या पत्रांच्या गर्दीत, सेबीच्या निरीक्षण पत्राचा उल्लेख त्याच्या तारखेसह असतो. यादीतले कागद आरएचपीच्या तारखेपासून इश्यू बंद होईपर्यंत, कामाच्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात कोणालाही पाहता येतात. हल्ली लिंकही देतात. गोपनीय पाकीट कोणत्या तारखेला दिलं होतं, तेही आरएचपीच्या सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये सापडतं.

मी एकदा खरंच गेले होते, दुसऱ्याच एका कंपनीचे कागद बघायला. आरएचपीचं ते पान छापून नेलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीनं ते उलटसुलट पाहिलं, आत दोन फोन केले, मला पाणी दिलं, आणि अर्ध्या तासानं विचारलं, “मॅडम, पार्सल कोणाच्या नावानं ठेवायचंय?”